शनिवारचं लाल औषध

म्युनिसिपालटीचा तो माणूस दर शनिवारी तळ्याकाठच्या आमच्या विहिरीत लाल औषध टाकायला यायचा. आधी ओंजळभर पाणी चाखून थुंकायचा आणि शेजारच्या शेणखताच्या ढिगाकडे बघत म्हणायचा, “या खतानं वांगे भरभरून येते, बाई, पण तेच खत जमिनीतून विहिरीत उतरून राहिलं.” ढीग काही हलला नाही. उलट तो माणूस येण्याआधीच साऱ्या वस्तीसारखी आईही हंडा भरून ठेवायची. औषधाचं पाणी देवाला कसं चालेल?

हैज्याच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, दिवसांत एकदा आईने त्याला त्याच हंड्यातलं तांब्याभर पाणी दिलं. त्याने ते निरखून पाहिलं.

“बिनऔषधाचं?”

आईने हंड्यावर झाकण सरकवलं.

“सारी वस्ती हेच पेते. मी एकटा काहून वाचू?” म्हणत त्याने तांब्या रिकामा केला.

पुढच्या शनिवारी दुसराच माणूस आला. आईचा हंडा तेव्हाही आधीच भरलेला होता.