आखाजीचा झोका आणि माझ्या पाट्या

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. वडील कामगार संघटनेत. त्यांच्या उरलेल्या पत्रकांच्या छापील बाजूवर मी वाचायला शिकले आणि कोऱ्या बाजूवर गणितं सोडवली. छापलेलं ते खरं आणि ठळक अक्षरांत छापलेलं ते जास्त खरं, अशी माझी पक्की समजूत होती.

एम. ए.ला असताना, नव्वदीच्या सुरुवातीला, जळगावच्या विद्यापीठात संग्रहालय म्हणजे दोन खोल्या होत्या. तापीकाठची खापरं, जुनी अवजारं, चांदीचे दागिने. मे महिन्याच्या सुट्टीत तिथे सगळ्या धर्मांच्या कुटुंबांचा सणमेळा भरवायचा, ही कल्पना माझी. चौकाचौकांत विखारी भाषणं चालायची ते दिवस. त्यांना कुणीतरी उत्तर दिलंच पाहिजे, आणि ते कुणीतरी म्हणजे मीच, याबद्दल मला शंका नव्हती. संग्रहालयाचे सर एवढंच म्हणाले की भिंतीत एकही खिळा ठोकायचा नाही.

मी गुलाबी कागदावर पत्रक काढलं. एकेका समाजाचं एक, अशा पाच टेबलांसाठी जाड पुठ्ठ्याच्या पाच पाट्या रंगवल्या: आदिवासी, जैन, बौद्ध, मुस्लिम, हिंदू. वर्णानुक्रमे, म्हणजे पहिलं कोण यावरून वाद नको. प्रत्येक पाटीखाली त्या त्या धर्माचे सण लिहिले. आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, मी हिंदूंखाली लिहिली. क्षणभरही विचार न करता.

संग्रहालयाचा शिपाई यावलकडचा तडवी. तडवी म्हणजे धर्माने मुसलमान आणि मूळचे भिल्ल. आम्ही त्याला भाऊ म्हणायचो. मेळ्याची सगळ्यात जास्त धावपळ त्यानेच केली, आणि त्यामागचं कारणही त्याने मला सांगून टाकलं. त्याची धाकटी बहीण वर्षापूर्वी धुळ्याला दिली होती. खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके घेतात. तिच्या सासरचे म्हणत होते की हा आपला सण नाही. या वर्षी मिनतवारीने चार दिवस पाठवलं, पुढच्या वर्षी पाठवणार नाहीत. जावई तिला न्यायला नेमका मेळ्याच्या दिवशी येणार होता. खुद्द विद्यापीठात आपला झोका बांधलेला पाहिला तर त्याचं मन वळेल, अशी भाऊला आशा होती.

ऊन उतरल्यावर लोक आले. शिरखुर्मा आला, खीर आली, जैन शेठजींच्या घरची ठंडाई आली. एकुलता एक पंखा जैनांच्या टेबलावर होता, त्यावरून थट्टा सुरू झाली. शेजारच्या बौद्ध बाई शेठजींना म्हणाल्या, "पंखा तुम्ही घ्या शेठ, आम्ही आपली शांती घेतो." शेठजींनी हसत पंख्याचं तोंड त्यांच्याकडे वळवलं.

भाऊची आई, जिला सगळे अक्का म्हणत, खांद्यावर दोर आणि काखेत फळी घेऊन आली. बाहेरच्या कडुनिंबाला तिने झोका बांधला. लेक फळीवर बसते न बसते तोच जावई पोचला. यंत्रमागावर काम करणारा, सडपातळ, अबोल. त्याने आधी सगळ्या पाट्या वाचल्या. एकेक, सावकाश. मग बाहेर येऊन अक्काला हळूच म्हणाला, "अक्का, इथं तर लिहूनच ठेवलंय. आखाजी त्यांच्या टेबलावर, आपल्या टेबलावर ईद. मी नाही म्हणत, विद्यापीठ म्हणतंय."

लेक फळीवरून उतरली. अक्काने दोराची गाठ सोडायला घेतली.

मी पुढे झाले आणि संकुचितपणावर बोलू लागले. माझ्याकडे अशी वाक्यं तयारच असायची. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"पाट्या कोणी लिहिल्या, ताई?"

"मी."

"कोणाला विचारून?"

मी कोणालाच विचारलं नव्हतं. तो म्हणाला, "तडवी म्हणून मोहल्ल्यात मला अर्धा मुसलमान म्हणतात. तुमच्या टेबलांवरही मी अर्धा इकडं, अर्धा तिकडंच."

अक्का दोर सोडता सोडता म्हणाली, "पोरी, आधी मले पुसायचं होतं. माह्या सासूनं नमाज पढून झोका बांधला. तिच्याही सासूनं."

ज्या भाषणांना मी उत्तर द्यायला निघाले होते, त्यांचंच काम मी ब्रश घेऊन, सुबक अक्षरांत केलं होतं. मी आत गेले आणि पाचही पाट्या उतरवल्या. त्यांची मागची बाजू कोरी होती. कोरी बाजू कशी वापरायची, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. कात्रीने पुठ्ठ्याचे तुकडे केले आणि एकेका कुटुंबाला विचारत फिरले की तुमच्या घरी काय करता, तुम्हीच लिहा. लोकांनी टेबलं एकमेकांना जोडून घेतली, कारण आता ती वेगळी ठेवायला काही कारणच नव्हतं.

अक्काला लिहिता येत नव्हतं. मी तुकडा आणि ब्रश जावयापुढे धरला. त्याने बराच वेळ तो घेतला नाही. मग अक्काला दोन-तीन गोष्टी विचारल्या, बायकोकडे एकदा पाहिलं आणि गुडघ्यावर पुठ्ठा ठेवून लिहिलं: "आमच्या घरी ईद असते आणि आखाजीही असते. आखाजीला लेक माहेरी येते, झोका बांधतात."

लिहून झाल्यावर त्याने सरांना विचारलं, "हा मला मिळेल? घरी दाखवायला. यावर विद्यापीठाचा शिक्का असता तर बरं झालं असतं. आमच्याकडं शिक्का असला की कुणी वाद घालत नाही."

शिक्क्यांविरुद्ध मी एरवी तासभर बोलले असते. त्या दिवशी शाईचा पॅड मीच शोधून आणला. सरांनी संग्रहालयाचा शिक्का एकदा मारला, पाहिला, पुन्हा मारला. म्हणाले, "धुळ्यापर्यंत पुसट व्हायला नको."

अक्काने गाठ पुन्हा आवळली. अंधार पडायच्या आत लेकीचे भरपूर झोके झाले, आणि मग रांग लागली ती शेठजींच्या सुनेपासून.

पुढच्या वर्षी आखाजीच्या आधी भाऊने सरांच्या टेबलावर रजेचा अर्ज ठेवला. कारणाच्या जागी लिहिलं होतं: बहीण यायची आहे.