बिनशब्दांच्या अल्बममधलं पाचवं गाणं

ज्युलियन आखातात, अमवाजच्या एका हॉटेलात एसी दुरुस्त करतो आणि सुट्टीच्या दिवशी काउबॉय हॅट घालून गिटारवर अमेरिकन कंट्री संगीत वाजवतो. माणूस वसईचा, आयुष्यात घोड्यावर बसलेला नाही, पण ऐट बघावी! यंदा त्याने अल्बम काढायचं मनावर घेतलं. गाणारा कोणी नाही, नुसती वाद्यं. कंट्रीच्या ढंगात वसईच्या चाली आणि खाली अरबी ठेका. ठेक्याला तिथल्याच सलमाबादच्या गोदामात काम करणारा रहिमतुल्ला.

हा सगळा खटाटोप एका बाईसाठी होता. सासूबाई, डेल्फिन. लेकीकडे, मेबलकडे, व्हिजिटवर आल्या होत्या. तेवीस वर्षांत त्यांनी जावयाच्या गिटारीबद्दल एक बरा शब्द काढला नव्हता. तो वाजवायला बसला की म्हणायच्या, "मेबल, तो मिक्सर बंद कर म्हणावं त्याला." ज्युलियनला ते फार लागायचं.

कौतुक मिळेना, तेव्हा गडी खोडीवर उतरला. वसईच्या त्यांच्या ख्रिस्ती समाजात लग्नात वराकडच्या बायका नवरीच्या आईला गाण्यातून यथेच्छ चिडवतात. तिचे वडे दात पाडतात, तिची कढी पाण्यासारखी, असलं काहीबाही. अल्बमचं पाचवं गाणं त्याने नेमकं त्या चालीवर बसवलं. शब्दच नाहीत, तर पकडणार कोण?

शुक्रवारी दुपारी बुदैयाला एका मित्राच्या बागेत, सगळ्या वसईकरांसमोर त्याने ते वाजवलं. आधी मागच्या बायका गालात हसल्या, मग चक्क शब्द गाऊ लागल्या. मेबलने कपाळावर हात मारला. "खलास! आज काही तुझी धडगत नाही."

डेल्फिनबाई उठल्या, तरातरा पुढे आल्या, माइक ओढला आणि गायल्या. अशा चिडवण्याला नवरीकडून गाऊनच द्यायचं असतं ते उत्तर! जावई, त्याची आई, त्याची हॅट, काही म्हणता काही सोडलं नाही. लोक हसून लोळले.

"तेवीस वर्षं तयार ठेवलं होतं हे," त्या धापा टाकत म्हणाल्या. "लग्नात याने इंग्लिश बँड आणला, वर स्वतःच गिटार घेऊन उभा! याच्याकडच्या एकाही बाईने मला चिडवलं नाही. मी उत्तर द्यायचं कुणाला? चिडवण्याइतकंही जवळचं मानलं नाहीत मला."

ज्युलियनचा हात तारांवरच थांबला. म्हणजे त्यांचा राग गिटारीवर नव्हताच तर!

"थांबलास कशाला? अजून चार कडवी आहेत. आणि अल्बममध्ये हे मी गाणार."

"मम्मी, पण त्यात शब्द नाहीत..."

"मग घाल की! एवढं छान वाजवतोस, तेवढं जमणार नाही तुला?"