धार काढतानाचा आवाज

गोवा राज्य होऊन फार वर्षं झाली नव्हती. आमच्या इस्पितळाच्या कंपाउंडच्या भिंतीवर भाषेच्या भांडणातल्या घोषणा नव्या चुन्याखालून अजून वाचता यायच्या. मी मूळची डिचोलीची. माझे वडील देवळात भजनाला पेटी धरत, आणि मी लग्नाआधी तीन वर्षं फोंड्याला एका गुरुजींकडे गाणं शिकले होते. गाण्यावर पोट भरेना म्हणून नर्सिंग केलं आणि किनाऱ्याकडच्या त्या लहानशा खाजगी इस्पितळात, तान्ह्या मुलांच्या खोलीत लागले. तरी मनातून मी गाणारीच होते. इस्पितळात कुणाचा सेंड-ऑफ असला की मलाच गायला उभं करत, आणि मला ते आवडायचं.

त्या वर्षी पेडण्याकडची एक बाई बाळंत झाली. वीस-एकवीस वर्षांची असेल, अंगाने काडी. मुलगी झाली, वजनाला कमी पण रडली चांगली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं रडणं बदललं. तसं रडणं मी आधी ऐकलं नव्हतं. बारीक, कर्कश, पत्र्यावर खिळा ओढावा तसं. हातपाय थरथरत होते. सारखी शिंकायची, जांभया द्यायची, अंगठा तोंडात कोंबून अधाशासारखी चोखायची, पण दुधाची वाटी लावली की गुदमरायची. चादरीवर टाचा घासून घासून दोन दिवसांत तिच्या टाचांची साल निघाली.

आमचे बालरोगतज्ज्ञ मुंबईला शिकून आलेले होते. त्यांनी मुलीकडे पाहिलं आणि सरळ आईच्या खाटेपाशी गेले. मी मागे होते.

"गर्द घेतेस?" त्यांनी विचारलं.

तिने मान खाली घातली. "होय."

तिचा नवरा मोटारसायकलवर पायलट होता, परदेशी लोकांना किनाऱ्यावर नेऊन सोडायचा. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. त्यानंतर ती जेवेना, झोपेना, तेव्हा नवऱ्यानेच चांदीच्या कागदावर ती तपकिरी भुकटी जाळून तिला धूर ओढायला शिकवला. नवरा आता तुरुंगात होता. हे सगळं तिने डॉक्टरांना चार वाक्यांत सांगितलं, आणि तासाभरात ते इस्पितळभर झालं.

डॉक्टर म्हणाले, "आईच्या रक्तातून मुलीला मिळत होतं, ते बंद झालंय. म्हणून हे होतंय. तिला औषधाचे थेंब देऊ आणि हळूहळू कमी करू."

आईचंही बंद झालंच होतं. ती घामाने भिजायची, पोट धरून कण्हायची. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. आया तिचा चहा फुटक्या कपातून द्यायच्या आणि कप वेगळा ठेवायच्या. "भोग आता," असं एकीने तिच्या तोंडावर म्हटलं, आणि मी ते ऐकून हसले. तिला दूध भरपूर येत होतं. ते मुलीला द्यायचं नव्हतं, म्हणून मी जुन्या लुगड्याची पट्टी घेऊन तिची छाती आवळून बांधली. हवी त्यापेक्षा घट्ट बांधली.

डॉक्टरांनी कुठेतरी वाचलं होतं की अशा मुलांना अंधार, ऊब आणि एकसारखा मंद आवाज दिला तर औषध कमी पुरतं. त्यांनी खोलीच्या जनेलांच्या तावदानांना निळा कपडा लावायला सांगितला आणि मला म्हणाले, "सिस्टर, तुम्ही गाता ना? बघा गाऊन."

मला वाटलं, चला, शिकलेलं काहीतरी कामाला आलं. मी मुलीला दुपट्यात गुंडाळलं, पाळण्याजवळ बसले आणि छान आलाप घेतला. मुलगी कमानीसारखी वाकली आणि किंचाळली. मी दुसरा राग धरला. मग अंगाई म्हटली, मग अभंग. जरा सूर वर गेला किंवा हरकत आली की तिचे हात ताठ व्हायचे. तीन दिवस मी रोज दुपारी गात होते, आणि तीन दिवस ती माझ्या गाण्याने जास्त रडत होती. चौथ्या दिवशी दाराबाहेर आयांना हसताना मी ऐकलं.

पाचव्या दिवशी सकाळी मी थेंब आणायला औषधांच्या खोलीत गेले. परतले तर आतून रडणं ऐकू येईना. मी घाबरून दार लोटलं. ती बाई पाळण्याशेजारी खाली जमिनीवर बसली होती. तिने मुलीला हात लावला नव्हता, कारण हात लावायची तिला बंदी होती. ओठ मिटून ती नुसता एक आवाज काढत होती. हूं... हूं... खर्जातला, जाडाभरडा, जरासा बेसूरच. दोन आवाजांच्या मध्ये नाकातून एक श्वास. मुलगी झोपली होती. मुठी उघडल्या होत्या. तिच्या मुठी उघडलेल्या मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या.

"हे काय करतेस?" मी विचारलं.

ती दचकून उठली. "काय नाय, बाय. म्हशीची धार काढताना मी असांच करतंय. म्हस शांत रवता, पान्हो सोडता. पोटुशी होतंय तेव्हा रोज सकाळी करी होतंय. पोटातल्या चेडवान ऐकलां असात."

"बाहेर हो," मी म्हटलं.

ती गेली. पाच मिनिटांत मुलगी जागी होऊन थरथरायला लागली. मी दार लावून घेतलं आणि तसाच आवाज काढून बघितला. माझा गळा तिथवर उतरत नव्हता, पण प्रयत्न केला. श्वासासकट. मुलगी गप्प झाली. आईकडे झाली होती तितकी नाही, पण झाली. मी वाटीने दूध पाजलं. ते तिने गिळलं.

दुपारी डॉक्टर आले तेव्हा ती झोपलेली होती.

"काय केलंत?"

"खर्जात एकच सूर धरून ठेवला," मी म्हणाले. "षड्जाच्या खाली."

डॉक्टर खूश झाले. त्यांनी मेट्रनला बोलावून आणलं. पुढच्या आठवड्यात त्यांचे एक मित्र डॉक्टर बघायला आले, आणि मी त्यांच्यासमोर मुलीला निजवून दाखवलं. थेंब कमी झाले. टाचांवर नवी साल धरली. आया आता हसत नव्हत्या. आईचं नाव मी एकदाही काढलं नाही.

ती मात्र रोज दारात यायची. "बाय, माका थोडा वेळ बसाक द्या. हात नाय लावूचंय. नुसता बसतंय."

तिला आत घेतलं असतं तर मुलगी दिवसभर झोपली असती, दूध प्यायली असती, लवकर बरी झाली असती. हे मला त्या वेळीही कळत होतं. पण मग तो आवाज कुणाचा, हेही सगळ्यांना कळलं असतं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी तिला म्हटलं, "त्या दिवशी ती नुसती थकून झोपली होती. तुझा आवाज ऐकला की ती जास्त थरथरते. तुझ्या आवाजाने तिला त्या गर्दची आठवण होते. तिचं बरं व्हावं असं वाटत असेल तर लांब राहा."

ती दारातून एक पाऊल मागे सरली. "माज्या आवाजान?"

"हो."

तिने ते खरं मानलं. मी पांढऱ्या कपड्यातली, शिकलेली. ती वादावादी करेल, डॉक्टरांना विचारेल, असं मला वाटलं होतं. तिने कुणालाच विचारलं नाही. त्या दिवसापासून ती पॅसेजमध्येसुद्धा कुजबुजून बोलायची. खोकला आला तर तोंडात पदर कोंबून मागच्या आवारात जायची. एकदा मी तिला तिथे पाहिलं. पोटात कळ आली होती. फणसाच्या बुंध्याला धरून ती वाकली होती आणि हुंदका बाहेर पडू नये म्हणून मनगट चावत होती. मी जनेल लावून घेतलं.

मुलगी घरी जाण्याइतकी झाली तेव्हा तिची सासू आली. उंच, कोरडी बाई, केसांत अबोलीची वेणी. सुनेकडे न बघता तिने मला विचारलं, "चेडवाक कसा सांभाळूचा, ता सांगा."

मी दूध किती, औषध कधी ते सांगितलं. मग ती सुनेकडे बोट करून म्हणाली, "आणि ह्येका काय करू? ह्यांच चेडवाक घेवक बघतलां."

सून दोन हातांवर उभी होती. मी तेव्हा थांबू शकले असते. मी म्हणाले, "आईपासून लांबच ठेवा. तिच्या आवाजाचा मुलीला त्रास होतो."

सासूने मान हलवली. ती मुलीला कपड्यात गुंडाळत असताना सून माझ्याजवळ आली आणि अगदी दबक्या आवाजात म्हणाली, "बाय, एक उपकार करा. तुमी गातास तसा माज्या सासूक शिकवा. नायतर चेडू घराक निजाचा नाय."

मी शिकवलं. तिच्या डोळ्यांदेखत, तिचाच आवाज, तिच्या सासूला. सासूला दोन-तीनदा करून जमला. सून दाराच्या चौकटीशी उभी राहून लक्ष देऊन ऐकत होती, आणि सासूला जमलं तेव्हा तिला बरं वाटलेलं दिसलं. मग सासू मुलीला घेऊन बसमध्ये चढली. सुनेला तिने घरी नेलं नाही. ती तिच्या पिशवीसह इस्पितळाच्या पायऱ्यांवर संध्याकाळपर्यंत बसली होती. नंतर कुठे गेली, मी विचारलं नाही.

चार-पाच वर्षांनी माझ्या नणंदेच्या नातवाच्या बारशाला मी पेडण्याकडे गेले. ती मुलगी राहायची ती वाडी तिथून जवळच होती. दुपारी जेवणं झाल्यावर मी कुणाला न सांगता चालत गेले. सासू खळ्यात मिरच्या वाळत घालत होती. तिने मला लगेच ओळखलं, बसायला कदेल दिली.

मी सुनेची चौकशी केली.

"येय होतां," ती म्हणाली. "पयलां वरीसभर दर सोमारी येय. त्या घाणीतसून सुटलां म्हणी, हाटेलात भांडी घासता म्हणी. गडग्याभायर रस्त्यार उभां रवी. पण मी आत घेवक नाय. तुमीच सांगितल्यात मां, आवाज नको म्हणान. तां पण तोंडातसून एक शब्द काढी नाय. चेडवाक बघी आणि जाय."

"ते खरं नव्हतं," मी म्हणाले.

"काय?"

"आवाजाचं. मी खोटं सांगितलं. तो निजवायचा आवाज तिचाच होता."

 हातातली मिरची सासूने सुपात टाकली. "आता सांगून काय उपेग?" ती म्हणाली. "तां गेलां. गेल्या आषाढात. परत त्या घाणीत पडलां आणि गेलां."

तेवढ्यात मुलगी घरातून बाहेर आली. गुटगुटीत, दोन वेण्या, अंगावर ताजा इस्त्रीचा फ्रॉक. "ही कोण गे?" तिने आजीला विचारलं.

मला वाटलं, सासू आता सांगेल. पण ती म्हणाली, "नर्सबाय. तू बारीक असताना हिणां तुका वाचयला. पायां पड."

मुलगी पुढे आली, वाकली आणि माझ्या दोन्ही पावलांना हात लावून तिने नमस्कार केला. मी पाय मागे घेतले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठी हो म्हणाले. मग बारशाच्या घरी परत आले. तिथे पाळण्यापाशी गायला बायका माझी वाट बघत होत्या.