उपाशीपोटी या, पण उपवास करू नका

तपासणीच्या कामात किस्से गोळा करावे लागत नाहीत. आपण माणसाला नाव विचारतो, वय विचारतो. मग तंबाखू खाता का, मीठ किती खाता, रोज किती चालता. प्रश्न साधे असतात. पण आजवर कोणी एका शब्दात उत्तर दिल्याचं मला आठवत नाही. फॉर्ममध्ये 'होय' आणि 'नाही' असे दोनच चौकोन, आणि समोरचा माणूस सुरुवात करायचा ती "त्याचं असं हाय मॅडम" इथून. दोन वर्षं मी हेच ऐकलं. आता चार मैत्रिणी जमल्या की कुणीतरी म्हणतंच, शीला, तो ताकाचा सांग.

तो सांगेनच. आधी आम्ही कोण ते सांगते.

हिंगोली जिल्ह्यातल्या गावांमधून एक आरोग्य सर्वेक्षण चाललं होतं. साखर, बीपी, कॅन्सर हे आजार माणसाला त्रास व्हायच्या आधीच पकडता येतात का, आणि कोणाला त्यांचा धोका जास्त, हे शोधायचं होतं. टीममध्ये आम्ही तिघं. डॉक्टर अनघा मॅडम कोल्हापूरकडच्या, वयाने माझ्यापेक्षा लहान. पहिले काही दिवस त्या 'काहून' हे एखाद्या दुखण्याचं नाव समजत होत्या. मी नर्स, वसमतची. आणि गफारभाई. ते जीपचे ड्रायव्हर, पण नावं लिहिणं, रांग लावणं, आणि मॅडमना 'काहून' म्हणजे 'का' हे समजावणं, हे सगळं त्यांच्याकडेच आलं होतं.

*

सेनगाव तालुक्यातलं एक गाव. रक्तातली साखर उपाशीपोटी तपासायची होती. तिथल्या आशाताई कामाला फार तत्पर. त्यांनी आदल्या संध्याकाळी भोंग्यावरून सांगून टाकलं की उद्या सगळ्यांनी उपवास धरून शाळेत यावं.

सकाळी शाळेच्या व्हरांड्यात ही गर्दी. लोक धुतलेले कपडे घालून आलेले. एका बाईने मला विचारलं की रक्त दिल्यावर उपवास लगेच सोडायचा की संध्याकाळी. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. मॅडमनी पहिल्या माणसाला नेहमीप्रमाणे विचारलं, रात्रीपासून काही खाल्लं नाही ना?

"न्हाई मॅडम. नुसती साबुदाण्याची खिचडी. आन दोन केळी."

दुसऱ्याने भगर खाल्ली होती. तिसऱ्याने शेंगदाण्याचे लाडू. गावातल्या किराणा दुकानातला साबुदाणा रात्रीच संपला होता.

मी मॅडमना म्हटलं, आपण आधी बौद्ध वस्तीतल्यांचं रक्त घेऊ. मी स्वतः बौद्ध, आमच्यात उपवासाची भानगड नाही, त्यामुळे तिथे साबुदाण्याचा प्रश्नच येणार नाही. मोठ्या विश्वासाने मी त्या लोकांना पुढे बोलावलं. पहिले आले एक रिटायर गुरुजी. ताठ मानेने खुर्चीत बसले.

"ताई, आमी उपास-बिपास पाळत न्हाई," ते म्हणाले. "सरळ पिठलं-भाकरी खाऊन आलो."

मॅडमनी सुयांचा डबा बंद केला.

पुढच्या आठवड्यात आशाताईंनी नीट सांगितलं की काहीच खायचं नाही, चहासुद्धा नाही. तसे लोक आलेही. फक्त रांगेतल्या एका काकांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, इतका कडक उपास कोणत्या देवाचा असतो?

*

बीपी मोजायच्या आधी माणसाने पाच मिनिटं खुर्चीत पाठ टेकून, पाय खाली ठेवून, न बोलता बसायचं असतं. नाहीतर आकडा चुकतो. पुरुषांना कठीण जायचं ते न बोलणं. बायांना कठीण जायचं ते बसणंच.

हळदी शिजवायचे दिवस होते. कौसाबाई नावाची एक बाई शेतातूनच आली, हात पिवळेधमक. मी तिला खुर्चीत बसवलं, पाच मिनिटं हलायचं नाही म्हणून बजावलं आणि घड्याळ लावलं. पाच मिनिटांनी बघते तर ती गाढ झोपलेली. मी उठवायला हात पुढे केला, तर मॅडमनी मानेनेच नको म्हटलं. आम्ही दुसरी खुर्ची मागवली आणि बाकीच्यांचं उरकलं. कौसाबाई पाऊण तास झोपली. उठल्यावर बीपी एकदम छान.

दुसऱ्या दिवशी दारात सात-आठ बाया उभ्या. सगळ्यांचं बीपी आदल्या दिवशीच झालेलं. मी विचारलं, आज काय राहिलं तुमचं?

त्यातली एक म्हणाली, "कौसाबाईची खुर्चीची तपासणी केली म्हणं तुमी. आमची काहून न्हाई केली?"

*

आता ताकाचा.

माणूस दिवसाला किती मीठ खातो हे त्याला विचारून कळत नाही. सून म्हणते सासूबाई वरून घेतात, सासू म्हणते ही भाजीत टाकतच नाही. खरा आकडा लघवीतून कळतो. त्यासाठी चोवीस तासांची लघवी एका कॅनमध्ये जमा करावी लागते. आम्ही घरोघर पांढरे, झाकणाचे, कोरे करकरीत कॅन वाटायचो आणि काय करायचं ते समजावून सांगायचो. हे समजावताना आम्हीही लाजायचो आणि ऐकणारेही, त्यामुळे निम्मं बोलणं खाणाखुणांनी व्हायचं.

वसमतकडच्या एका गावात दुसऱ्या दिवशी कॅन गोळा करत होतो. एका घरातल्या काकूंनी पाहुण्यांसारखं बसवलं, पाणी दिलं आणि कॅन आणून माझ्या हातात ठेवला. चांगला जड होता. मी झाकण उघडून आत बघितलं. आत ताक होतं. वर कोथिंबीर.

काकूंना आमचं सांगणं काही कळलं नव्हतं. सरकारी लोक घरात एवढा चांगला कॅन ठेवून गेले आणि उद्या परत न्यायला येतो म्हणाले, एवढंच त्यांना कळलं होतं. मी विचारलं, काकू, हे ताक काहून?

त्या जरा ओशाळल्या. "मग रिकामं भांडं परत कसं देऊ ताई?"

मॅडम तोंडाला रुमाल लावून बाहेर गेल्या. गफारभाईंनी मात्र कॅन मागून घेतला, ताकाआधी तो कोराच होता याची माझ्याकडून खात्री करून घेतली, आणि दोन ग्लास प्यायले. वर मॅडमना रिपोर्टही दिला, "मीठ बराबर हाय."

*

गफारभाईंचा किस्सा सांगताना मी सुरुवातीला हसते, मग थोडी थांबते.

तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीत एक सोपी गोष्ट बघतात. आपलीच तीन बोटं एकावर एक, उभी, तोंडात जातात का. गुटखा खाणाऱ्यांचं तोंड हळूहळू आखडत जातं आणि बोटं जाईनाशी होतात. गफारभाईंना ही तपासणी फार आवडली. रांगेत फिरून ते एकेकाला तोंड उघडायला लावायचे. तीन बोटं गेली की पास, दोन गेली की नापास, मॅडमकडे जा.

एकदा रांगेतल्या एका म्हातारीने त्यांना अडवलं. म्हणाली, आधी तुझं करून दाखव, मग मी करते. गफारभाई हसले आणि तीन बोटं तोंडाशी नेली. दोन गेली. तिसरं दातावर अडलं. रांग हसली. म्हातारी म्हणाली, नापास. गफारभाईही हसले. मॅडम हसल्या नाहीत.

दुपारी जीपच्या दारात बसवून मॅडमनी टॉर्च लावून बघितलं. दोन्ही गाल आतून पांढरे पडले होते, चामड्यासारखे घट्ट झाले होते. पुडी कधीपासून, असं विचारलं तर ते आभाळाकडे बघायला लागले. आम्हाला दोघींना माहीतच नव्हतं. गाव यायच्या आधी ते तोंड धुऊन घ्यायचे. तिखट खाल्लं की आग होते का, हे विचारल्यावर म्हणाले की दोन वर्षांपासून ठेचा सोडलाय, वयामुळे असेल. आणि मग खाली मान घालून म्हणाले, "पाणीपुरीबी पुरी जात न्हाई तोंडात. मला वाटलं, हे लोकच पुरी मोठी करून राहिले."

गालाचा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत जीपमध्ये कोणी बोललं नाही. इतके दिवस तिघांच्या वाटणीचं एकटे गफारभाईच बोलत होते, हे तेव्हा कळलं. एकदा ते मला म्हणाले, "ताई, एवढ्या लोकांची तोंडं उघडून पाहिली, आपलं काहून न्हाई पाहिलं?" मी खिडकीबाहेर सोयाबीन बघत बसले.

रिपोर्टमध्ये कॅन्सर नव्हता. त्याच्या आधीची पायरी होती. मॅडमनी सांगितलं, आज या क्षणापासून पुडी बंद. गफारभाईंनी खिशातल्या पुड्या काढून मॅडमच्या हातात दिल्या, आणि सीटखालच्या माझ्या हातात. त्या दिवसापासून ते सकाळ-संध्याकाळ आइस्क्रीमच्या लाकडी पट्ट्या दातात एकावर एक धरून तोंड ताणायचा व्यायाम करायचे. किती पट्ट्या जातात ते न विचारताच सांगायचे.

काही महिन्यांनी वसमतला कामावरून परतताना त्यांनी पाणीपुरीच्या गाड्याजवळ जीप उभी केली. उतरले, एक पुरी घेतली आणि आमच्याकडे पाठ करून तोंडात टाकली. पुरी अख्खी गेली. मॅडमनी माझा हात घट्ट धरला होता. गफारभाई बराच वेळ वळलेच नाहीत. मग डोळे पुसत, तिखट लागलं असं दाखवत, त्यांनी गाडीवाल्याला गंभीरपणे विचारलं, "क्यूं भाई, पुरी छोटी कर दी क्या?"

*

आता शेवटचा. हा मी फार थोड्या लोकांना सांगितलाय, आणि नावं बदलून.

सिद्धेश्वर धरणाच्या मागच्या अंगाला एक गाव आहे. तिथे आम्ही गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची नवी तपासणी घेऊन गेलो. यात डॉक्टर तपासत नाहीत. बाईने पडद्याआड जाऊन कापसाची काडी वापरून आपला नमुना आपणच घ्यायचा. तरी बाया पुढे येईनात. त्या गावात अनुसयाबाई नावाच्या बाई होत्या, शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या. त्यांच्या तोंडाला गाव टरकून असायचं. मॅडमनी त्यांना समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तासाभरात मेंढरं हाकावीत तशा बाया हाकून आणल्या. त्यांत त्यांची सून मंगलही होती.

काही आठवड्यांनी निकाल आले. मंगलच्या नमुन्यात दोष निघाला.

आम्ही घरी गेलो. अनुसयाबाई ओसरीत तूर निवडत होत्या. मंगल म्हणाली, सासूबाईंसमोर सांगितलं तरी चालेल. मॅडमनी सांगितलं की हा कॅन्सर नाही. एक विषाणू आहे, त्याने आत थोडा बदल झाला असेल. तसाच सोडला तर पुढे कॅन्सर होऊ शकतो, आत्ता दहा मिनिटांच्या उपचारात जातो. मंगलने विचारलं, हे होतं कशानं? मॅडमनी खरं ते सांगितलं. नवरा-बायकोच्या संबंधातून येतो, पुष्कळ जणांना येतो, यात कोणाचा दोष नसतो.

मंगलचा चेहरा उतरला. नवरा दत्ता वाईट नव्हता. पण घरात दीर होते, जावा होत्या, शेजार होता. त्या जागेचं दुखणं म्हटल्यावर कोण काय बोलेल, याचा नेम नव्हता. ती एवढंच म्हणाली, "हे घरात सांगावं लागंल का?"

तेवढ्यात दत्ता बाहेरून आला. जीप बघूनच घाबरला होता. कोणाला काय झालं, त्याने विचारलं.

अनुसयाबाईंनी सुपातून मान वर केली नाही. "मला," त्या म्हणाल्या. "माझ्या पिशवीत दोष निघालाय. उद्या दवाखान्यात जायचं हाय. मंगल येईल संगं."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी तुरीकडे.

दुसऱ्या दिवशी दोघी दवाखान्यात आल्या. पेशंट कोण, असं विचारल्यावर अनुसयाबाईंनी सुनेला पुढे केलं आणि स्वतः पडद्याबाहेर बसल्या. उपचार नीट झाला. मॅडमनी मंगलला सांगितलं, महिनाभर जड उचलायचं नाही, पाण्याच्या घागरी नाहीत, आणि नवऱ्यापासून लांब राहायचं. मंगल म्हणाली, पहिल्या दोन गोष्टी कशाही जमवीन. तिसरी त्यांना कशी सांगू? पडद्याबाहेर अनुसयाबाई खाकरल्या.

आठ दिवसांनी आम्ही बघायला गेलो. अंगणात बाजेवर अनुसयाबाई पडलेल्या, डोक्याला फडकं बांधलेलं. उशाशी मंगल बसलेली. दत्ता दोन्ही हातांत घागरी घेऊन पाणी भरत होता. मंगल जरा उठायला लागली की बाजेवरून कण्हणं यायचं, "कुठं चालली? माझ्याजवळ बस."

मॅडमनी औषध समजावते म्हणून मंगलला आत नेलं आणि तपासलं. सगळं उत्तम होतं. बाहेर आल्यावर दत्ताने काळजीने विचारलं, आई बरी होईल ना? मॅडमना खोटं बोलता येत नाही. त्या म्हणाल्या, घाबरू नका, वेळेत सापडलंय.

तेव्हा अनुसयाबाईंनी मान उचलली आणि दत्ताला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "डॉक्टरीणबाई, सुनेनं रात्रीला माझ्याच खोलीत झोपाया पाहिजे ना? किती दिवस?"

मॅडम क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"महिनाभर," त्या म्हणाल्या.

"पुरा?"

"पुरा."

"ऐकलं का रे," अनुसयाबाई लेकाला म्हणाल्या, आणि कण्हत कूस बदलून पडल्या.