बिब्ब्याचे सात ठिपके

माझा गुडघा काही शत्रूने फोडला नाही. छावणीत रेशनच्या ट्रकमधून साखरेची पोती उतरवताना पाय फळीवरून सटकला आणि मी खाली, पोतं माझ्यावर. आमच्या रोहणा गावात हे कुणालाच आवडत नाही. लोकांना गोळी हवी असते, निदान बर्फ तरी. सुरुवातीला मी खरं सांगायचो, आणि ऐकणाऱ्याचं तोंड उतरायचं. मग मी सांगणंच सोडलं. आता चौकात कुणी "पाय कायनं गेला जी?" असं विचारलं, की मी म्हणतो, "तुमचं काय अडलं त्यानं?" मी घमेंडी आहे असं गावाचं मत आहे, आणि ते बरोबर आहे.

ऑपरेशन झालं. त्यानंतर दोन वर्षं मला स्टोअरमध्ये बसवलं, कांबळी मोजायला. मग पंधरा वर्षांची नोकरी पुरी झाली आणि हारतुरे घालून घरी पाठवलं. घरी मोठ्या भावानं माझ्यासाठी जागा तयारच ठेवली होती. आर्वीला त्याचं कृषी केंद्र आहे, बी-बियाणं आणि फवारणीची औषधं विकतो.

"तू खुर्चीवर बसून राह्यजो," तो म्हणाला. "थैल्या उचलाले माणसं हायेत. तू फक्त पावती फाडजो."

चांगल्या मनानंच म्हणाला असेल. मला ती खुर्ची लाथेनं उडवावीशी वाटली. मी सदतीस वर्षांचा होतो, आणि हा मला सांगत होता की आता फक्त बस.

पुलगावच्या दारूगोळा डेपोवर पहाऱ्यासाठी आमच्यासारख्या सुटून आलेल्या फौजींना पुन्हा भरती करून घेतात. पुन्हा वर्दी, पुन्हा बंदूक, सकाळची परेड, आणि घर बसनं तासाभरावर. मला तेच हवं होतं. दुसरं काहीही नको होतं. अडचण एवढीच की कागदावर माझा गुडघा नापास होता. अशा माणसाला मेडिकल बोर्ड सूट देऊ शकतं. मी अर्ज टाकला, वर्षभर उत्तराची वाट पाहिली, आणि शेवटी बोर्डाची तारीख आली. पुढच्या भरतीला माझं वय बसत नव्हतं. म्हणजे जे व्हायचं ते याच खेपेला.

मी रोज सकाळी कालव्याच्या काठानं धावायला लागलो. म्हणजे आधी चाललो, मग लंगडत धावलो, मग लंगडणं लपवत धावलो. कापूस वेचायला निघालेल्या बायका थांबून बघायच्या. त्यातली एक म्हातारी दर दिवशी न चुकता म्हणायची, "काऊन जिवाले त्रास देऊन राह्यला बाबू?" मला तिचा इतका राग यायचा की तिच्यासमोर मी मुद्दाम जोरात धावायचो. बोर्डाला बारा दिवस उरले आणि त्या जोरात धावण्यानं डाव साधला. गुडघा सुजून नारळाएवढा झाला.

डॉक्टरकडे जायची सोय नव्हती. गेलो असतो तर चिठ्ठी झाली असती, आणि मला कसलाही कागद मागे ठेवायचा नव्हता. उरले वडील.

वडिलांशी माझं फारसं बोलणं नव्हतं. मी भरतीला निघालो त्या दिवशी ते शेतातून घरी आले नव्हते. त्यानंतर पंधरा वर्षं मी सुट्टीवर आलो की ते बैलांबद्दल बोलायचे आणि मी गाडीच्या वेळेबद्दल. पण पंचक्रोशीत कुणाचा पाय मुरगळला, कंबर धरली, खांदा आखडला, की माणूस आमच्या ओसरीवर येऊन बसायचा. वडील बिब्बा द्यायचे. बिब्बा म्हणजे जंगलातलं ते काळं टणक फळ. ते सुईला टोचून दिव्यावर धरायचं, त्याचं काळं तेल सुटलं की दुखऱ्या जागेवर सुईच्या टोकानं ठिपके द्यायचे. कातडी भाजते, फोड येतात, मग खपली धरते आणि आतली सूज ओसरते. आमच्याकडे निम्म्या गावाच्या अंगावर हे डाग आहेत. मी हे सगळं अडाणीपणाचं मानायचो आणि तसं बोलूनही दाखवायचो, ओसरीवरच्या माणसांच्या देखत.

त्या दिवशी मी त्यांच्यासमोर जाऊन बसलो आणि पायजमा वर केला. त्यांनी गुडघा दोन्ही हातांनी चाचपला. खूप वेळ चाचपला. एवढा वेळ त्यांनी मला हात लावल्याचं मला आठवत नाही.

"बिबा द्या लागन," ते म्हणाले. "पण डाग राह्यते साल-दोन साल. तुले चालते का?"

"द्या लवकर."

"सायबानं पाह्यलं तर?"

"बाबा, तुम्ही बिब्बा द्या. फौजेचं मले समजते."

त्यांनी सात ठिपके दिले, गुडघ्याच्या वाटीभोवती गोल. हात जरासुद्धा हलला नाही. तीन दिवस आग झाली, चौथ्या दिवशी सूज उतरली, आठव्या दिवशी मी कालव्यावर सरळ धावलो. बिब्ब्यानं काम केलं, हे कबूल करायला मला आजही जड जातं. त्या डागांचा मी पुन्हा विचारच केला नाही. जे लहानपणापासून सगळ्यांच्या अंगावर बघत आलो, त्यात कुणाला बघण्यासारखं काही असेल हे डोक्यातच आलं नाही.

बोर्डावर डॉक्टर म्हणून एक मेजर मॅडम होत्या, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. आधी फॉर्म भरायचा होता. गेल्या दोन वर्षांत या सांध्यात दुखणं, सूज, कोणताही उपचार? तीन रकाने होते. मी तीनही ठिकाणी 'नाही' लिहिलं, ठळक अक्षरात, आणि खाली सही केली. मग उठाबशा, एका पायावर उभं राहणं, पायऱ्या चढणं, उतरणं. सगळं पार पडलं. मॅडम खूश दिसल्या. मला म्हणाल्या, टेबलावर आडवे व्हा, शेवटचं एकदा बघते.

"ये क्या है?"

"बचपन का निशान है, मॅडम."

त्यांनी हातमोज्यातल्या अंगठ्यानं एक ठिपका घासला. खपली निघाली. खाली गुलाबी, कोवळी कातडी.

"बचपन दस दिन पहले था?"

त्यांनी फॉर्म पुन्हा उचलला आणि माझे तीन 'नाही' वाचले. मला वाटलं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, मला उलट राग धरता आला असता. त्या थकल्यासारख्या बोलल्या.

"छूट तो दर्दवाले को ही मिलती है, जवान. जिसको दर्द ही नहीं, उसको किस बात की छूट? कभी-कभी सूजता है, इतना लिख देते तो मैं सिफारिश करनेवाली थी. पहरे की ड्यूटी है, हो जाता."

मी म्हणालो, आता लिहितो, फॉर्म द्या.

त्या म्हणाल्या, आता नाही. गुडघ्यासाठी सूट आहे, खोट्या सहीसाठी नाही.

परतीच्या बसमध्ये मला बसायला जागा मिळाली, कारण कंडक्टरनं माझं चालणं बघून एका मुलीला उठवलं. त्या कंडक्टरलाही मी मनातल्या मनात पोटभर शिव्या दिल्या. मॅडमना दिल्या, फॉर्म छापणाऱ्याला दिल्या, साखर खाणाऱ्या सगळ्या पलटणीला दिल्या. रोहण्याचा फाटा येईपर्यंत शिव्या द्यायला एकच माणूस उरला होता, आणि त्याच्यावर यायची माझी हिंमत नव्हती. तेवढ्यात घर आलं.

ओसरीवर दोन माणसं बसली होती, एकाचा घोटा सुजलेला. वडिलांच्या हातात सुई होती. त्यांनी वर पाहिलं.

"काय झालं?"

"तुमच्या बिब्ब्यानं माही नोकरी खाल्ली," मी म्हणालो. "झालं तुमच्या मनासारखं? तुम्हाले मले जाऊच द्याचं नव्हतं, पह्यल्या दिवसापासून."

ती दोन माणसं जमिनीकडे बघू लागली. वडिलांनी दिवा फुंकला.

"डागामुळं नाई म्हणलं त्यायनं?"

मला तेव्हा खरं सांगता आलं असतं. त्यांनी मला बजावून विचारलं होतं, डाग चालते का म्हणून. मी सही खोटी केली होती, डाग खोटे नव्हते. हे सगळं बोलायला अर्धा मिनिट लागलं असतं.

"डागामुळंच," मी म्हणालो.

त्यांनी सुजलेल्या घोट्याच्या माणसाला सांगितलं, "सरकारी दवाखान्यात जाय बाप्पा. मी आता नाई देत." दुसऱ्या दिवशीही आलेल्यांना हेच सांगितलं. महिनाभरात लोकांचं येणं बंद झालं. बिब्ब्यांचा डबा फडताळात वर गेला तो गेलाच. साठ वर्षांपूर्वी त्यांच्या बापानं त्यांच्या हातात ती सुई दिली होती.

आता मी आर्वीला त्या खुर्चीवर बसतो आणि पावत्या फाडतो. बायको म्हणते, तू गिऱ्हाइकांशी भांडतोस. भांडतो. माझं वय कधीच उलटून गेलं, पण वडिलांना भरतीच्या वयाचं काही कळत नाही आणि मी सांगितलेलं नाही.

रोज सकाळी आंघोळीच्या आधी ते माझ्याजवळ खोबरेल तेलाची वाटी आणून ठेवतात. बिब्ब्याच्या डागावर खोबरेलच लावतात. मग जरा दूर बसतात, माझ्याकडे न बघता. काल मात्र ते जवळ आले, वाकून गुडघा न्याहाळला आणि बोटानं एकेक ठिपका मोजला.

"पाचच राह्यले," ते म्हणाले. "हे बी गेले की जाऊन पाह्यजो एकदा. घेतीन तुले."

मी म्हणालो, "पाहू." आणि तेल लावत बसलो.