कोरड्या गादीसाठी

आमच्या इंझोरीत विजयमालाबाईच्या हातचा मार न खाल्लेला माणूस शोधायचा तर बरंच फिरावं लागेल. बांध कोरणाऱ्या शेजाऱ्याला तिनं त्याच्याच टोपल्यानं बडवलं. आठवडी बाजारात मुद्दाम अंग घासणाऱ्या एका मिशीवाल्याच्या कानाखाली अशी काढली की तो वांग्यांच्या ढिगात जाऊन बसला, आणि वांगी चेंगरली म्हणून वांगेवाल्यानं त्यालाच वर दोन लाथा घातल्या. नवरा इंद्रभान. त्यानं लग्नाच्या पहिल्याच वर्षी भाजी खारट झाली म्हणून हात उगारला, तर हिनं तोच हात पिरगाळून त्याचा खांदा उतरवला. पुढं आयुष्यभर तो मिळेल ती भाजी मुकाट्यानं खात राहिला आणि आठ वर्षांपूर्वी तसाच मुकाट्यानं गेला.

मी निता. तिची नि माझी भिंत एक. मी घरी ब्लाऊज शिवते. विजयमालाबाई मला आवडते आणि तिची भीतीही वाटते, दोन्ही खरं. पण गावभर चालणारा हा हात एका माणसावर कधी उठला नाही. तो म्हणजे तिचा हरीओम, लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेला एकुलता एक. लहानपणी त्यानं कुणाचं डोकं फोडलं, तर ही फुटलेल्या डोक्याच्या आईशीच भांडायला जायची. असं वाढवलेलं पोर पुढं काय होणार, ते सांगायला ज्योतिषी लागत नाही.

हरीओम ट्रॅक्टर चालवतो. त्याची बायको ज्योत्स्ना आसेगावची, कमी बोलणारी, कामाला वाघीण. माहेरी बाळंतपण आटपून ती परत आली तेव्हा पोरगी संस्कृती चार महिन्यांची होती. खोली एक, पलंग एक, त्यावर ज्योत्स्नाच्या वडिलांनी लग्नात दिलेली जाड गादी. त्या गादीवर कुणी बसलेलंही हरीओमला खपत नसे. आता तिच्यावर चार महिन्यांचं लेकरू झोपायला आलं.

दुसऱ्याच सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला. आधी थापडेचा, मग भांडं पडल्याचा.

"पोट्टीनं सारी गादी वल्ली केली, आन तू घोरून राह्यली? माह्या पाठीले लागलं ना सारं!"

पुन्हा थापड. मी हातातला ब्लाऊज तसाच धरून विजयमालाबाईचा आवाज कधी येतो याची वाट बघत बसले. तो आलाच नाही. तासाभरानं ती स्वतः आली. हातात धुतलेला लंगोट.

"निते, हे लंगोट गयते वं. न गयनारं शिवून दे."

"आणि हरीओमचं काय?"

"त्याचं डोक्सं सकायी गरम रायते. गादी कोरडी असली का तो काई करत नाई." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तू लंगोट शिव."

मी कात्री उचलली. आज त्या कात्रीचा मला राग येतो, पण तेव्हा उचलली.

आमचा जुना तिकोनी लंगोट म्हणजे कंबरेला दोन बंद आणि मांड्यांपाशी दोन मोकळ्या वाटा. रात्रभर तो काय धरणार? मी वापरून मऊ झालेलं सुती पातळ फाडलं, कारण नवं कापड पाणी पीत नाही, वरून घरंगळू देतं. मध्ये सहा पदरांची पट्टी बसवली. मुलगा असता तर जाडी पुढं लागली असती. मुलगी म्हणून मध्ये आणि मागं वाढवली. मांडीच्या कडेला सैलसर इलॅस्टिक घातलं, वळ उठणार नाही इतपतच. विजयमालाबाईनं तो लंगोट एका उशीला बांधला आणि अर्धा तांब्या पाणी ओतून तपासला. उशी एका बाजूनं ओली झाली, तर उशीवरच एक गुद्दा हाणला. "पुन्ना शिव," म्हणाली. तिसऱ्या लंगोटाला उशी कोरडी राहिली.

मानोऱ्याच्या बाजारातून तयार डायपरचं पाकीटही आणलं. पहिल्या रात्री तेही मांडीतून गळलं, कारण कडेची झालर आतच दुमडलेली राहिली होती, आणि माप लहान होतं. एक माप मोठं आणलं, झालर बोटानं बाहेर काढली, तर सकाळपर्यंत टिपूस नाही. पण उन्हाळा असा होता की पोरीच्या जांघेत घामोळ्यांचा थर आला. पुन्हा कापडावर आलो.

नऊ सकाळी कोरड्या गेल्या. नऊ दिवस भिंतीपलीकडून आवाज नाही. मला माझ्या शिलाईचा असा गर्व चढला की काय सांगू. मला वाटायचं, मीच त्या पोरीला वाचवतेय.

दहाव्या रात्री संस्कृती पालथी पडायला शिकली. पालथ्या पोरीचा लंगोट पोटाकडून गळतो, हे आम्हाला सुचलं नव्हतं. ज्योत्स्ना लेकराला घेऊन माझ्याकडं आली तेव्हा तिची भुवई फुटली होती. पदरानं पुसलेलं रक्त कानापाशी वाळलं होतं.

"काकू, पुढून पट्टी वाढवा," ती म्हणाली.

मी टेप घेतली, लेकराचं माप घेतलं आणि पुढून पट्टी वाढवली. भुवईचा विषय तिनं काढला नाही, मीही काढला नाही. मला लाज वाटते हे लिहिताना.

मग विजयमालाबाईनं आणखी एक अक्कल चालवली. संध्याकाळनंतर पोरीला कमी पाजायला सांगितलं. पोटात कमी गेलं तर कमी येईल, हा हिशेब. भुकेली पोरगी पहाटे रडून रडून निळी झाली आणि रडण्यानं झोप मोडली म्हणून हरीओमनं ज्योत्स्नाच्या पाठीत लाथ घातली. गादी त्या दिवशी ठणठणीत कोरडी होती. तिथं तरी आम्हा दोघींचे डोळे उघडायला हवे होते. पण विजयमालाबाई दुपारी येऊन म्हणाली, "पाजनं पयल्यासारखंच करू. कापडच वाढवू."

पेरणीचे दिवस आले. आभाळ भरलेलं, धुतलेलं वाळेना. दमट लंगोट काय शोषणार? दोन सकाळी लागोपाठ मार झाला. दुसऱ्या सकाळी ज्योत्स्नाचं करंगळीचं नख उपटलं गेलं, कसं ते मी विचारलं नाही.

त्या दुपारी विजयमालाबाईनं प्लास्टिकची पन्नी काढली. आमच्याकडं पेरणीआधी सोयाबीनच्या बियाला गुलाबी औषध चोळतात, कीड-बुरशी लागू नये म्हणून. अंगणात जाड पन्नी अंथरायची, तिच्यावर बी ओतायचं आणि औषध लावून खालवर करायचं. काम झालं होतं, पन्नी रिकामी होती. बाईनं ती साबणानं दोनदा धुतली, उन्हाची तिरीप आली तशी वाळवली, पोरीच्या अंगाखाली मावेल इतकी कापली आणि दुपट्याच्या खाली घातली. ज्योत्स्नाला सांगितलंही नाही. मला मात्र दाखवली. मीही म्हणाले, हे बेस झालं. पन्नीच्या कडेची दुमड उकलून बघायचं दोघींपैकी एकीलाही सुचलं नाही. त्या दुमडीत औषध चिकटून बसलं होतं, ओल लागताच सुटणारं.

सकाळी संस्कृतीचं रडणं आलं ते वेगळंच. चिरकं, श्वास न घेता. या वेळी मी बसून राहिले नाही, धावले.

दारातून दिसलं ते असं: लेकराची पाठ आणि ढुंगण लालबुंद, वर फोड आलेले. गादीवर गुलाबी डाग पसरलेला. आणि हरीओमनं ज्योत्स्नाचे केस मुठीत धरलेले.

"रगत निंगून राह्यलं पोट्टीचं! काय केलं तू तिले? काय केलं?"

त्यानं तिचं डोकं पलंगाच्या कडेवर आपटलं. एकदा. पुन्हा एकदा. तिचं कपाळ फुटलं आणि खरं रक्त त्या गुलाबी डागाशेजारी पडलं. त्या दोन रंगांत किती फरक होता, तो आंधळ्यालाही दिसला असता. हरीओमला दिसला नाही. लेकरू बाजूला तडफडत होतं, आणि हा बापाची माया दाखवत होता!

विजयमालाबाई मोरीवरून आली. लंगोट धुताना आपटायची मोगरी हातात तशीच. तिनं गादीकडं पाहिलं. काय झालं ते तिला कळलं. मलाही कळलं.

"हे रगत नाई," ती म्हणाली. "सोयाबीनचं औषध हाय. पन्नी म्या टाकली, हरीओम. म्या."

"तू मधात नोको पडू, माय," तो म्हणाला, आणि तिसऱ्यांदा आपटायला त्यानं ते डोकं मागं खेचलं.

मोगरी त्याच्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मला दारात ऐकू आला. केस सुटले. दुसरा तडाखा खांद्यावर, तिसरा पाठीवर, मग मी मोजणं सोडलं. प्रत्येक तडाख्याला ती एकच ओरडत होती, "म्या टाकली! म्या टाकली!" तो माय, माय करत पलंगाखाली शिरला, तर तिनं पलंगाची बाजू धरून अख्खा पलंग उलथा केला. गादी दारातून बाहेर अंगणातल्या चिखलात गेली. त्याच्या तोंडातून रक्त आलं, दात पडला, तरी ती थांबेना. गल्लीतले चार बाप्ये दारात जमले होते, पण पुढं व्हायची एकाचीही छाती झाली नाही. शेवटी मोगरीच दांड्यापाशी मोडली.

या सगळ्यात शहाणं एकटं माणूस ज्योत्स्ना होती. केस सुटताच, कपाळातून डोळ्यात रक्त उतरत असताना, तिनं लेकरू उचललं, मोरीवर नेलं आणि रांजणातलं पाणी तांब्या-तांब्यानं पोरीच्या पाठीवर ओतत राहिली, पाठीवरचा गुलाबी रंग पूर्ण जाईपर्यंत. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, त्या पाण्यानंच पोरगी वाचली. संस्कृतीला पाच दिवस ठेवलं. ज्योत्स्नाच्या कपाळाला सात टाके पडले. पोलिसांत तक्रार तिनं स्वतः दिली, आणि साक्षीला विजयमालाबाई गेली. स्वतःच्या पोराविरुद्ध. पन्नीचंही सगळं सांगून आली, काही लपवलं नाही.

गाव तिच्यावर खूश झालं. पारावर तिच्या मोगरीच्या गोष्टी रंगायला लागल्या. बायका येऊन म्हणायच्या, माय असावी तं अशी. ती उठून मोरीवर निघून जायची.

सहाव्या दिवशी दुपारी ज्योत्स्नाचे वडील न्यायला आले. विजयमालाबाई स्टँडवर पोचवायला आली, सोबत मी. हातात पिशवी, तिच्यात मी शिवलेले सगळे लंगोट. ज्योत्स्नानं पिशवी घेतली नाही. लेकरू खांद्यावर होतं, पाठीला मलम, वर सैल झबलं.

बस लांबून दिसायला लागली तशी ती वळली.

"आत्याबाई, एक इचारू?"

"इचार, बाई."

"पयल्या दिवशी त्यायनं मले मारलं, तवा तुमी दारातच उभ्या होत्या ना?"

"होती."

"हातात ताकद होती?"

विजयमालाबाईनं स्वतःच्या हाताकडं पाहिलं.

"आन महिनाभर लंगोट काहून शिवून घेतले मंग?"

आवाज चढला नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं. बांध कोरणाऱ्याला, मिशीवाल्याला, इंद्रभानला, सगळ्यांना जागच्या जागी उत्तर देणारी बाई पिशवी धरून उभी राहिली.

मग तिनं पिशवी खाली ठेवली आणि उजव्या हातानं फाडकन स्वतःच्या तोंडात मारली. मग दुसरी. मग तिसरी. स्टँडवरची माणसं बघायला लागली. तोच हात, तोच जोर, काही कमी नाही. गालावर बोटं उमटली, ओठ फुटला, तरी ती मारतच राहिली.

ज्योत्स्ना बघत उभी होती. तिनं तो हात धरला नाही. मीही धरला नाही. बस थांबली, तशी ती लेकराला घेऊन चढली आणि खिडकीपाशी जाऊन बसली.