काठी कोणाच्या दारात?

लिंबाजीबाबा स्वतःच्या सत्कारात झोपायचे. डुलकी नव्हे, गाढ झोप. हार गळ्यात पडला की मान खाली, आणि पाहुण्यांचं भाषण रंगात येईपर्यंत यांचं घोरणंही रंगात. वारंगा फाट्यावर माझं लाउडस्पीकरचं दुकान; आसपास सत्कार कोणाचाही असो, कर्णा माझा. बाबांसमोरचा माइक मी आठवणीनं बंद ठेवायचो. एकदा विसरलो, तर ते घोरणं पार जवळा बाजारात ऐकू गेलं आणि बाजारातल्या शेळ्या दावी तोडून पळाल्या. खोटं वाटत असेल तर शेळ्यांना विचारा.

नव्वदच्या दशकात त्यांच्या सत्कारांचा हंगामच लागला होता. कळमनुरीकडच्या डोंगरातल्या त्यांच्या आंध आदिवासींच्या वाडीनं सागाचं रान राखलं होतं. आजूबाजूचे डोंगर बोडके झाले, यांचा तेवढा हिरवा. रीत साधी होती. वाडीत एक काठी. ती ज्याच्या दारात उभी, त्या घराची बारी. त्यानं दिवसभर रानात फिरायचं आणि दिवस मावळताना काठी शेजारच्या दाराला टेकवायची. ही रीत बाबांनी बसवली होती. बारी कोणी चुकवली की स्वतःच काठी उचलून निघायचे.

भाषणांत त्यांना कोणी वनमहर्षी म्हणे, कोणी वृक्षांचा बाप. बाबा वैतागत. "रान काय म्या लावलं? ते होतंच. आमी नुस्तं राखून राहिलो." शालींचा तर ढीग साचला होता. थंडीत वाडीतली करडं शाली पांघरून हिंडत. नवख्याला वाटे, सत्कार यांचाच झालाय.

"बाबा, थकलात जणू," मी एकदा म्हणालो.

"रानात फिरून न्हाई थकलो, कर्णेवाले. तुमच्या खुर्चीत बसून थकलो."

मग हिंगोलीत मोठा सत्कार ठरला. मंत्री येणार म्हणून मांडव भरायला हवा होता. संयोजकांनी वाडीला ट्रक पाठवला. त्या दिवशी बाबा झोपले नाहीत. समोरच्या गर्दीत एकेक तोंड बघत राहिले. पाहुण्यांचं भाषण ऐन भरात असताना उठले आणि माइकपाशी आले.

"आज काठी कोणाच्या दारात हाय?"

 पुढच्याच रांगेत बाबांची शेजारीण यमुनाबाई बसली होती. नवं लुगडं नेसलेली, टाळ्या वाजवून हात लाल झालेली. ती उभी राहिली. "माझ्या. पर बाबा, सारी वाडी तुमचा मान बघाया आली, मंग म्याच काहून मागं रहावं?"

लोक हसले.

"मंग रानात कोण हाय?"

वाडीची माणसं एकमेकांकडं बघू लागली. पाहुण्यांना तो भाषणाचाच भाग वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी कर्णे तिथंच टाकून त्या दोघांना टेम्पोत घातलं. बाबांच्या गळ्यातला हार तसाच. पुढचं मी वाढवून सांगत नाही, गरजही नाही. ओढ्याकडची सागाची सगळी पट्टी आडवी झाली होती. नुसती ओली खोडं आणि बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. यमुनाबाई खाली बसली. "मला मारा, बाबा."

"मारून झाड उभं राहतं का? ऊठ. उद्या बी तुझीच बारी. आजची तू केली न्हाईस."

त्यानंतर सत्कार घेऊन येणाऱ्याला ते सांगत, "करा की. पर आधी एक दिवस काठी घेऊन फिरा." लोक मान डोलवत आणि फाट्यावर चहा पिऊन परत जात. माझा निम्मा धंदा बसला.

बाबा म्हातारे झाले आणि रीतही सैल झाली. पोरं ऊसतोडीला जाऊ लागली. काठी एकेका दारात दोन-दोन दिवस तशीच उभी राही, मग बाबाच ती उचलत. शेवटच्या वर्षांत जवळजवळ सगळ्या बाऱ्या त्यांच्याच. "लोक कटाळलेत, बाबा," मी म्हणालो. "म्या बी कटाळलो," ते म्हणाले. "कटाळून बी जावं लागतं." एवढं बोलून खोकत वर चढू लागले. थांबून गप्पा मारायचं त्राण आता त्यांच्यात नव्हतं. वाडीत उघडच बोललं जाई: बाबा हायेत तवर रान हाय.

एका सकाळी ते उठलेच नाहीत. मी पोचलो तेव्हा अंगणात सारी वाडी जमली होती, आणि काठी बाबांच्याच दारात उभी. बायका रडत होत्या. यमुनाबाई आली. बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि दाराला टेकलेली काठी उचलली.

"अगं, माती तरी होऊ दे," कोणी तरी ओरडलं. "आजच्या दिवस रान काय पळून जाऊन राहिलं का?"

"माती तुमी करा. बारी बाबांची हाय, ती म्या करते. कुऱ्हाडवाले सुतक धरत न्हाईत."

ती डोंगर चढून गेली. तिच्याविना माती झाली. दिवसभर कोणाच्या घरी चूल नाही. माणसं भिंतींना टेकून बसलेली. मावळतीला ती खाली उतरली. बाबांच्या पलीकडच्या घराला काठी टेकवली. त्या घरचा माणूस उठला आणि त्यानं काठी आत घेतली. मग ती बाबांच्या रिकाम्या अंगणात येऊन बसली आणि आता कुठं मोठ्यानं रडायला लागली.